परक्या बागांना पाणी

जहाजाचा भोंगा आधी छातीला कळतो, मग कानाला. साउथहॅम्प्टनला राहायला आले त्या पहिल्या वर्षी मी त्या आवाजानं हातातलं काम टाकून उभी राहत असे. दुपार कलू लागली की बंदरातून एखादं क्रूझचं जहाज सुटतं, आणि सुटताना लांब, खोल, खर्जातला आवाज देतं. खिडकीच्या काचा नकळत थरथरतात. ओट्यावरच्या पेल्यात ठेवलेला चमचा पेल्याशी लागून किणकिणतो. मग आवाज विरतो, चमचा गप्प होतो, आणि कुणीतरी या गावातून निघून गेलेलं असतं.

काल जुलैतला तसा पहिला भोंगा झाला. मी दार उघडून बाहेर आले. समोर शेजारीण डॉरीनच्या बागेत कुणाची तरी मुलगी पाण्याची नळी हातात धरून उभी होती. डॉरीन यंदाही फिरायला गेलेली दिसते. पाणी मातीत मुरत होतं, आणि रस्ता ओलांडून टोमॅटोच्या पानांचा वास येत होता. फळाचा नव्हे, पानांचा; हिरवा, कडवट, बोटांना चिकटून राहणारा. साबणानं धुतला तरी तो जात नाही. एक अख्खा उन्हाळा तो वास माझ्या घरात होता. दाराच्या मुठीला होता, टीव्हीच्या रिमोटला होता, माझ्या मुलीच्या केसांना होता.

इथल्या समरला मी मराठीत उन्हाळा म्हणते तेव्हा तो शब्द या ऋतूच्या अंगावर ढगळ होतो. धूळ नाही, तलखी नाही, सावलीसाठी जीव कासावीस होणं नाही. आहे तो नुसता उजेड, रात्रीचं जेवण झालं तरी न मावळणारा. आनंदी माणसाला तो पुरत नसेल. ज्याला दिवस लवकर संपायला हवा असतो, त्याला तो फार होतो.

रेवा माझी मुलगी. त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तिला चौदा पूर्ण झाली होती. तिच्या बाबाची बँकेतली नोकरी बर्मिंगहॅमला गेली होती, आणि नोकरीमागून तोही. आधी सोमवार ते शुक्रवार. रविवारी संध्याकाळी बॅग उचलून तो दारातून म्हणे, "येतो गं," आणि शुक्रवारी खरंच येई. मग एक शुक्रवार सोडून एक. मग त्यानं तिथे दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. आमच्यात भांडणाचा असा एक मोठा दिवस कधी झाला नाही. झाला असता तर निदान सांगायला काही राहिलं असतं. दुसरी खोली कुणासाठी, हे मी विचारलं नाही. ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

शाळेला सुटी लागली त्या संध्याकाळी रेवा बूट न काढताच स्वयंपाकघरात आली.

"आई, मला समरमध्ये काम करायचंय."

"कसलं काम?"

"एनिथिंग. मला कोच बसचं तिकीट काढायचंय. बर्मिंगहॅमला."

"मी काढते की. नाहीतर बाबा काढेल."

"नको. तू काढलंस तर मग तू मला पाठवलं. बाबानं काढलं तर त्यानं मला बोलावलं." ती फ्रीजच्या दाराला टेकली. "मला माझी पैसे पाहिजे."

"माझे पैसे पाहिजेत," मी सवयीनं दुरुस्त केलं.

"तेच," ती म्हणाली. "माझे."

तिच्या वयाची असताना पुण्यात आम्हीही उन्हाळाभर राबलो होतो. पापड लाटले, गच्चीवर कुरडयांची राखण केली, कावळे हाकलता हाकलता घसा बसवून घेतला. त्याची मजुरी म्हणजे तेलात बुडवलेली पापडाची कच्ची लाटी. ती तोंडात टाकली की जिभेला हिंगाचा झटका बसे आणि हिशेब मिटे. 'कमावणं' हे क्रियापद तेव्हा मुलींना लावत नसत. कुणाकडे जायचं, केव्हा जायचं आणि केव्हा परत यायचं, हे घरातली मोठी माणसं ठरवत, आणि तिकीटही तीच काढत. पुढे मी कवितेत एम. ए. केलं, प्रत्येक शब्दाचं वजन हातात तोलून पाहायला शिकले, आणि इथे येऊन हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट डेस्कवर बसले. तिथे लोकांना दोनच शब्द हवे असतात: दिवस आणि वेळ. माझ्या मुलीला तिच्या वाटेवरचा पहिला शब्द चौदा वर्षांची असतानाच सापडला होता आणि तो मी स्वतः तिला शुद्ध करून दिला होता.

ती कामाला लागली. म्हणजे काम शोधायला लागली. कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. तिथले नवीनभाई वर्षानुवर्षं आम्हाला कोथिंबीर देतात. ते हसले. "पेपर कोण वाचतंय आता, दीकरी? घरोघर टाकणं केव्हाच बंद केलं मी. तू एक चॉकलेट घे आणि घरी जा." चॉकलेट तिनं घेतलं नाही. कॅफेवालीनं वय विचारलं, कौन्सिलच्या परमिटची कटकट नको म्हणून मान हलवली, आणि सोळा झाल्यावर ये म्हणाली. मुलांनी उन्हाळ्यात करायची कामं या देशात सगळ्यांच्या आठवणीत आहेत. ज्याला विचारावं तो सांगतो, मी तुझ्याएवढा असताना पेपर टाकायचो, स्ट्रॉबेऱ्या तोडायचो, दुधाच्या गाडीवर जायचो. कामं आठवणीत शिल्लक आहेत, रस्त्यावर नाहीत.

मग तिनं गाड्या धुवायला घेतल्या. बादली, स्पंज, वर बांधलेले केस. पहिल्याच गाडीचं छत पुसून होतंय तोवर आभाळ भरून आलं आणि दहा मिनिटांत सारा रस्ता धुऊन निघाला. ओल्या बाह्यांनी घरात येऊन ती म्हणाली, "देव फ्रीमध्ये करतो. मी कशी कॉम्पिट करणार?" त्या आठवड्यात आम्ही तेवढं एकदाच हसलो.

गल्लीच्या टोकाच्या घरातला ग्रेहाउंड तिला रोज फिरवायला मिळाला. म्हातारा कुत्रा, पायांच्या काड्या झालेल्या, डोळे ओलसर. तो लाल पोस्टाच्या पेटीपर्यंत येई आणि थांबे. ओढलं तरी पुढे पाऊल टाकत नसे. मान वळवून घराच्या दाराकडे बघत राही. रेवाही मग त्याच्या शेजारी पेटीला टेकून उभी राही, फिरवण्याची वेळ संपेपर्यंत. "मला वॉक करायचे पैसे मिळतात," ती म्हणे, "आणि मी फक्त उभी राहिली."

"राहिले."

"राहिले. सॉरी."

कामावरून बसनं परतताना मला ती दोघं लांबून दिसत. मुलगी एका दिशेला बघत असे आणि कुत्रा दुसऱ्या.

एका रविवारी ती मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर शेतातल्या बाजाराला गेली. गाड्यांच्या डिक्क्या उघडून लोक तिथे घरातल्या जुन्या वस्तू मांडतात. ओलं गवत, डिझेल, तळलेला कांदा, असा सगळा वास अंगावर घेऊन ती दुपारी घरी आली. मी पोळ्या लाटत होते.

"आई, मी सायकल विकत घेतली."

"अगं, आहे ना तुला सायकल? आणखी कशाला?"

ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. "नाही... माझी. मी ती दिली. एका मुलीला. आणि मनी घेतला."

"मग विकली म्हण. विकत घेतली म्हणजे बाय. विकली म्हणजे सेल."

"दोन्हीत विक आहे ना," ती चिडून म्हणाली. "मला कसं कळणार कोण ठेवतं आणि कोण देतं?"

मी पोळी उलटली. हातातून गेलेलं आणि हाती आलेलं यांच्यासाठी आपण एकच शब्द पुढे धरतो, हे इतक्या वर्षांत माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. पोळी करपल्यावर मला सायकल आठवली. बाबानं तिला ती कॉमनवर, गावच्या मोकळ्या माळावर, शिकवली होती. ओक झाडांच्या सावलीतून "धरलंय, धरलंय" म्हणत तो मागून धावत होता, आणि त्याचा हात सीटवरून केव्हाच सुटला होता. शेडमागे सायकल उभी असे तिथलं गवत फिकट पडलेलं होतं, दोन चाकांच्या रेघांपुरतं. त्या दिवसापासून रेवाची क्रियापदं मी कान देऊन ऐकू लागले. चूक कुठली आणि म्हणणं कुठलं, ते दर वेळी उमगेच असं नाही.

आणि मग बागा आल्या. समोरची डॉरीन सत्तरीच्या पुढची, एकटी, दर उन्हाळ्यात जहाजानं कुठे कुठे जाणारी. जाण्याआधी तिनं रेवाला बोलावून हातात किल्ली ठेवली. टोमॅटोंना रोज संध्याकाळी मुळाशी पाणी, पानांवर नको. डेलियांवरच्या गोगलगायी वेचायच्या. पत्रं पायपुसण्यावरून उचलून टेबलावर ठेवायची. डॉरीननं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. बघता बघता आमच्या दाराजवळच्या खिळ्याला दुसऱ्यांच्या घरांच्या किल्ल्या लटकू लागल्या. जहाज सुटल्याचा भोंगा झाला की रेवाला कळे, आणखी एक बाग आपल्याकडे आली. गाव निघून जाऊ लागलं की तिचं काम वाढे.

भोंगा विरला की ती झारी उचले आणि दारातून ओरडे, "येते गं."

हा शब्द मी तिला ती चार वर्षांची असताना दिला होता. नर्सरीच्या फाटकाशी ती म्हणाली होती, "आई, मी जाते." मी तिच्या ओठांवर बोट ठेवलं. "जाते म्हणू नये, सोन्या. येते म्हणावं."

"पण मी तर जातेय."

"परत येणार ना? म्हणून येते."

तिनं नाक फेंदारून विचार केला. "दॅट्स अ लाय."

लबाडी नव्हे गं, मी म्हणाले, तो शब्द म्हणजे दारात मागे ठेवलेला एक पाय असतो. चार वर्षांच्या मुलीला यातलं काय कळलं असेल. पण ती म्हणू लागली. शाळेला जाताना, पार्टीला जाताना, कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला जाताना सुद्धा. तिच्या मराठीत लिंग डळमळलं, वचन डळमळलं, पण तो एक शब्द कधी चुकला नाही. मला वाटे, बाकी सगळं गळून पडलं तरी एवढं टिकेल.

एकदा संध्याकाळी मी तिच्याबरोबर डॉरीनच्या घरी गेले. बंद घराला स्वतःचा वास असतो: गालिच्यात साठलेलं ऊन, लॅव्हेंडरची पुरचुंडी, न वापरलेला साबण. भिंतीवरचं घड्याळ कुणी नसताना जास्त मोठ्यानं चालत होतं. रेवा त्या घरात सराईतपणे वावरत होती. पत्रं उचलली, पडदे सारखे केले, आणि स्वयंपाकघराच्या खुर्चीत शांत बसली. आमच्या घरात ती इतकी शांत बसलेली मी पाहिली नव्हती.

"इथे मला आवडतं," ती म्हणाली. "क्वाएट आहे."

"आपलं घरही शांतच असतं की."

"ते वेगळं." तिनं टेबलावरची पत्रं बोटानं सरळ केली. "इथले लोक परत येणार आहेत."

मी खिडकीतून टोमॅटोंकडे बघत राहिले. पाणी प्यायलेली माती काळी झाली होती. मागून तिचा आवाज आला, मोठ्या माणसासारखा, कुणाला दोष न देणारा: "बाबा पण येतो म्हणायचा, आई. लास्ट टाइमला पण म्हणाला."

माझ्याकडे शब्द पुष्कळ होते. आयुष्य मी शब्दांच्या सहवासात काढलं आहे. मी झारी उचलली आणि नळाखाली धरली.

ऑगस्ट अर्धा उलटला आणि एके दुपारी तिच्या बाबाचा फोन आला. तो माझ्याशी आता फार अदबीनं बोलतो. हॉस्पिटलच्या डेस्कवर मी अनोळखी माणसांशी बोलते तसं. म्हणाला, "इथल्या शाळेत जागा आहे. मी फक्त चौकशी केली. तिला हवं असेल तरच. तू तिला विचार."

"तू विचारलंस?"

"ती म्हणाली, आधी तिकीट काढते."

मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि उत्तर दिलं असतं तर उरलेले दिवस त्या उत्तराच्या शेजारी बसून काढावे लागले असते. त्यापेक्षा मी रोज संध्याकाळी खिडकीशी उभी राहून तिला रस्ता ओलांडताना पाहत होते. झारीच्या वजनानं एक खांदा खाली गेलेला. सगळ्या गल्लीच्या बागा त्या उन्हाळ्यात हिरव्यागार राहिल्या. आमच्या मागच्या अंगणातली मोगऱ्याची कुंडी तेवढी वाळली. तिला पाणी घालायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

डॉरीन परत आली ती नाकाचा शेंडा लाल करून, फ्रीजला लावायचं चुंबक घेऊन. तिनं रेवाला टोमॅटोंची टोपलीच दिली. "तू वाढवलेस, तुझेच आहेत," म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, "भाग्यवान आहेस हो तू. अशी मुलगी घरात असली की आणखी काय लागतं." मी हसले. त्या टोमॅटोंचं सार केलं, नारळाचं दूध घालून, तुपाची फोडणी देऊन. रेवा वाटी तोंडाला लावून ते प्यायली आणि तिनं मागून आणखी घेतलं. जिभेवर गोडी होती, आणि बोटांवर तोच कडवट वास.

जाण्याच्या आदल्या दिवशी ती बॅग भरत होती. मी धुतलेले कपडे द्यायला खोलीत गेले. बॅगेच्या तळाशी घडी करून ठेवलेला हिवाळ्याचा जाड कोट होता. बाहेर ऊन होतं; कुठल्याशा अंगणात मुलं फवाऱ्याखाली ओरडत होती.

"तिकडे थंडी असते?" मी विचारलं.

"कधीकधी," ती म्हणाली, आणि कोटावर टी-शर्ट रचू लागली.

तिच्या हातून एक टी-शर्ट घेऊन मी नीट घडी घातली. मग दुसरा घेतला. शेवटी दोघींनी मिळून ती बॅग भरली.

आता तिला सोळा पूर्ण झाली आहेत. बर्मिंगहॅमला एका बेकरीत शनिवारी काम करते. पहाटे उठून बसनं जाते, आणि फोनवर सांगते की तिच्या हातांना यीस्टचा वास येतो. मला तो वास इथून येत नाही. तिची मराठी पातळ होत चालली आहे. वाक्य ती मराठीत सुरू करते आणि मध्यावर उतरून जाते. मी दुरुस्त करत नाही. दुरुस्त करण्यात गेलेला वेळ फोनवरच्या वेळातून वजा होतो. नाताळात ती येते, दारात बूट काढून नीट जोडीनं ठेवते, आणि पेले कुठल्या कपाटात आहेत ते विचारते. दोन दिवसांनी कोच पकडते. दाराजवळच्या खिळ्याला आता एकच किल्ली असते. परत येईल याची खात्री असलेलं या घरात माझ्याशिवाय दुसरं कुणी नाही.

मुलांनी उन्हाळ्यात काहीतरी कमवावं, असं इथले सगळे म्हणतात. त्यानं जबाबदारी येते, पैशाची किंमत कळते. खरं आहे. माझ्या मुलीनं तो उन्हाळा फार मन लावून कमावला. काय कमावलं हे तिला कळत होतं, आणि कुणाकडून, हेही.

काल भोंगा झाल्यावर समोरची ती मुलगी नळी बंद करून कुंपणाशी आली आणि लांबवर, बंदराच्या दिशेला बघत राहिली. मीही बघत होते. आमच्या गल्लीतून समुद्र दिसत नाही. नुसता आवाज येतो.

रेवा निघाली त्या दिवशी कोच स्टेशनवर गर्दी नव्हती. ड्रायव्हरनं बॅग गाडीच्या पोटात ढकलली आणि तिकिटाचा कागद पाहून तिला विचारलं, "एकटीच का?" तिनं मान हलवली. मी तिची कॉलर सारखी केली. ती माझ्याइतकी उंच झाली आहे, हे मला तिथे, त्या काचेच्या छताखाली, पहिल्यांदा जाणवलं. तिच्या केसांना अजून टोमॅटोच्या पानांचा वास होता. पायरीवर एक पाय ठेवून ती वळली. तिच्या तोंडाशी नेहमीचा शब्द आलेला मला दिसला; ओठ त्या आकाराचे झालेही होते. मग ती थांबली. माझ्याकडे नीट पाहिलं, जशी ती रोज संध्याकाळी एखाद्या रोपाकडे पाही, पाणी पुरे झालं का ते बघायला. आणि अगदी हळू, दुरुस्त करायला जागाही न ठेवता म्हणाली, "जाते."